ठिगळाच्या खाली दोन बोटं

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. डावा. खांद्यापासून बोटांपर्यंत एवढाच मी. माझ्यामागं माणूस नाही. कोल्हापुरातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत, लाकडी ठोकळ्यावर तळहात वर करून मी पडलेला असतो. बघणाऱ्याला वाटावं, हा काहीतरी मागतोय. अकरा वर्षांत मी कुणाकडं काही मागितलं नाही. आज मागणार आहे. पण माझं मागणं ऐकून तुम्ही म्हणाल याचं डोकं फिरलंय (डोकं तर मला नाहीच), म्हणून आधी हकीकत ऐका.

इथं वैद्यकीय सहाय्यकाचा एक वर्षाचा कोर्स चालतो. ताप बघणं, रक्तदाब घेणं, मलमपट्टी, इंजेक्शन, आणि सगळ्यात अवघड म्हणजे शिरेतून रक्त काढणं. शिकाऊ मुलीला पहिल्याच दिवशी कोण आपल्या हातात सुई खुपसू देईल? त्यासाठी माझा जन्म. आत कडक प्लास्टिक, वर मऊ रबराचं कातडं, आणि दोन्हींच्या मधून गेलेली एक बारीक नळी. ती माझी शीर. खुंटीला टांगलेल्या पिशवीतून तिच्यात लाल पाणी सोडतात. सुई नेमकी बसली की सिरिंजमध्ये लाल पाणी चढतं. चुकली तर काहीच येत नाही.

थर्माकोलच्या खोक्यातून मी इथं आलो, तेव्हा माझ्याबरोबर माझं दुसरं कातडंही होतं, कोरं करकरीत, घडी घातलेलं. सोबत एक चिठ्ठी होती, "टोचून भोकं पडली की कातडं बदलावे." मित्रांनो, ही चिठ्ठी ध्यानात ठेवा. कॉलेजात ती एकाच्याही ध्यानात राहिली नाही.

आमचे प्राचार्य अण्णासो सर म्हणजे जपणारा माणूस. त्यांच्या केबिनमधल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. बसलं की करकर वाजतं. त्यांनी ते दुसरं कातडं हातात घेऊन प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, "हे बाहेर नको. माझ्या कपाटात राहू दे. तपासणीला कमिटी आली की दाखवायला होतंय." कातडं लोखंडी कपाटात गेलं आणि कुलूप लागलं.

सुरुवातीची वर्षं मात्र सोन्यासारखी होती. शिकवायला दीपा चौगुले मॅडम. माझं कातडं तेव्हा एकसारखं होतं. शीर कुठं आहे ते वरून दिसायचं नाही. मॅडम मुलींना डोळे मिटायला लावायच्या. "डोळ्यानं न्हाई गं, बोटानं बघायचं. दाब, सोड. खालनं उसळतंय का? तीच शीर." मुली चुकायच्या, रडकुंडीला यायच्या, परत दाबायच्या. महिन्याभरानं त्यांच्या बोटांना समज यायची. त्या वेळच्या मुली आज कुठं कुठं मोठ्या दवाखान्यांत आहेत.

पाचव्या वर्षी मी गळायला लागलो. टोचून टोचून कोपराच्या वाकणावर चिरच पडली. तेव्हा शिपाई केरबा पुढं आला. त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, घासला, सोल्युशन लावलं आणि माझ्या कोपरावर काळं ठिगळ दाबून बसवलं. "घ्या. आता जन्मभर हलायचं न्हाई ह्ये," तो म्हणाला. केरबाचा शब्द खोटा ठरला नाही. ठिगळ आजही जागच्या जागी आहे.

खंडेनवमीला कॉलेजात हत्यारांची पूजा होते. आमची हत्यारं म्हणजे रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा, चिमटे, आणि मधोमध मी, हळदकुंकू लावून, गळा नसल्यानं मनगटात झेंडूची माळ घालून. त्या वर्षी सरांनी माझं ठिगळ सगळ्यांना दाखवलं. "बघा. ह्याचं कातडंसुद्धा बदलाय लागलं न्हाई आम्हाला. वस्तू वापरावी तर अशी." टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मी फुगलो. पुढं दरवर्षी ते हेच सांगत गेले आणि दरवर्षी मी फुगत गेलो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ मिटतच नाही, तेव्हा पुढचंही उघडच सांगतो. ठिगळानं सगळा घोटाळा केला. कुण्या एका मुलीच्या लक्षात आलं की ठिगळाच्या खाली दोन बोटं मोजली की बरोबर नळीवर सुई बसते. तिनं मैत्रिणीला सांगितलं. तिथंच टोचून टोचून बारीक भोकांची एक जागाच तयार झाली. मग प्रत्येक तुकडी जाताना पुढच्या तुकडीला हे सांगून जाऊ लागली. वाईट हेतूनं नव्हे हो, मायेनं. आपल्याला जमलं, धाकटीलाही जमू दे. आता डोळे मिटायची गरजच उरली नाही. लाल पाणी दिसलं की मॅडम बरोबरची खूण करायच्या. पूर्वी त्या मुलींना एकमेकींचं रक्तही काढायला लावायच्या. पण एकदा एक मुलगी चक्कर येऊन पडली, घरचे भांडायला आले, आणि ते बंद झालं. राहिलो मी एकटा.

मला कळत होतं का? नाही. मला वाटलं पोरी हुशार व्हायला लागल्या. पुढं त्यांतल्या किती जणींना दवाखान्यांनी परत पाठवलं कुणास ठाऊक. नापास झालेलं माणूस आपण का नापास झालो हे सांगायला परत येत नाही.

गेल्या वर्षी मोना आली. कबनूर गावची. आई विठाबाई यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, आणि बारावीनंतर मोनाही दोन वर्षं तिच्या शेजारच्या मशीनवर बसली होती. मशीनच्या खडखडाटात राहून तिला मोठ्यानं बोलायची सवय. पण माझ्याजवळ आली की आवाज खाली यायचा. पहिल्या दिवशी सुई टोचून तिनं मला विचारलं, "लागलं काय रं?"

तोवरच्या दहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

टोचून झाल्यावर ती स्पिरिटचा बोळा माझ्या कोपरावर दाबून धरायची, माझं रक्त थांबवायचं असल्यासारखी. बाकीच्या मुली हसायच्या. मॅडम मात्र म्हणाल्या, "हिचा हात हलका हाय." आदिती नावाची आदल्या वर्षाची मुलगी एकदा वह्या द्यायला आली आणि मोनाला ते गुपित सांगून गेली, "ठिगळाच्या खाली दोन बोटं. डोळं झाकून टोच." त्या दिवसापासून मोनाची सुई एकदाही चुकली नाही. सगळ्यांच्या आधी येऊन ती सराव करायची, एवढी तिला घाई झाली होती. कारण शहरातला एक मोठा दवाखाना बारा जणींतून चौघींनाच घेणार होता. बाकीच्यांना प्रमाणपत्राचा नुसता कागद. मोनाला तो कागद नको होता. "मी परत कांडी मशीनवर बसत न्हाई," ती मला हळूच सांगायची. "आईलाबी उठवतो तितनं."

निवड व्हायची होती ती आरोग्य शिबिरात, आणि शिबिर नेमकं कबनूरच्या शाळेत. सरांनी मलाही नेलं, कॉलेजची शान म्हणून. टेबलावर पांढरं कापड, त्यावर मी, माळ घालून. दवाखान्याच्या मुख्य सिस्टर यादी घेऊन बसल्या होत्या. प्रत्येकीनं तीन माणसांचं रक्त काढायचं होतं.

रांगेत सगळ्यांत पुढं विठाबाई. आख्ख्या गल्लीला घेऊन आलेली, केसांत अजून कापसाचा भुरका. "आधी माझं. माझ्या पोरीच्याच हातनं," म्हणत ती बाकावर बसली आणि तिनं डावा हात माझ्या शेजारी टेबलावर ठेवला, तळहात वर करून. दोन डावे हात, शेजारी शेजारी. मी पहिल्यांदाच खऱ्या हाताकडं इतक्या जवळून पाहिलं. काटकुळा, सुतानं कापलेल्या बोटांचा. त्यावर ठिगळ नव्हतं.

मोनानं दंडाला रबरी पट्टा बांधला. तिची बोटं आपोआप कोपरावर गेली, तिथं काहीतरी शोधत थांबली, आणि दोन बोटं खाली सरकली. सुई गेली. काही आलं नाही. दुसऱ्यांदा गेली. काही आलं नाही. दीपा मॅडम जवळ येऊन पुटपुटल्या, "बोटानं बघ, मोना. डोळं मीट." तिनं मिटले. पण बोटाला ती भाषा कुणी शिकवलीच नव्हती.

"दोनदाच टोचायचं असतं, बास कर," सिस्टर म्हणाल्या.

विठाबाईनं पट्टा स्वतःच सोडला आणि उजवा हात पुढं केला. "ह्यो घ्या की बाई, ह्यो अजून कोराच हाय. टोच गं बाळ. त्यो रबराचाच हाय म्हणून समज. मला काय बी हुईना."

उजव्या हातालाही दोन वेळा. विठाबाईचा चेहरा तसूभर हलला नाही. हात मात्र निळा पडत चालला होता. मोनाच्या कपाळावरचा घाम माझ्या कापडावर पडला.

"सरक, बाळ," म्हणून सिस्टर उठल्या. त्यांनी विठाबाईचा डावा हात घेतला, दूर खिडकीकडं बघत बोट फिरवलं, दाबलं, सोडलं, आणि मोनानं टोचलं होतं तिथून जेमतेम अर्ध्या बोटावर सुई घातली. नळी भरली. त्या हाताची शीर जरा कडेनं जात होती, एवढंच.

"माझी शीरच वाकडी हाय की ओ!" विठाबाई एकदम म्हणाली. "त्यात पोरीची काय चूक? तिचं नाव लिवा, बाई. लई हलका हात हाय तिचा. खोटं वाटत आसंल तर त्या हाताला इचारा!" आणि तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

लोक हसले. सिस्टरसुद्धा हसल्या, वाईट वाटून. मित्रांनो, आयुष्यात एकदाच माझी साक्ष काढली गेली, आणि मला तोंड नव्हतं. असतं तर मी ओरडलो असतो की शीर वाकडी नाही, मुलगी कच्ची नाही, खोटा मी आहे. जगातल्या सगळ्या शिरा एकाच जागी असतात असं मी तिला वर्षभर शिकवलं.

पुढच्या दोन माणसांना मोनानं हातच लावला नाही. चौघींच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

चार दिवसांनी ती पांढरा कोट परत द्यायला आली. खोलीत एका कोपऱ्यात मॅडम कागद चाळत होत्या. मोनानं कोट घडी करून ठेवला, ट्रेमधली सुई उचलली आणि शेवटचं एकदा मला टोचलं. डोळे भरलेले होते, तिला काही दिसत नव्हतं. तरी लाल पाणी भरभर वर चढलं.

"मग तितं का न्हाई आलं रं?" तिनं मला विचारलं. तरीही बोळा घेऊन माझं कोपर पुसलं, नेहमीसारखं दाबून धरलं. "मी येतो, मॅडम," म्हणाली आणि गेली. ती काही परत यायची नव्हती.

ती गेल्यावर मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या. कितीतरी वर्षांनी त्यांनी डोळे मिटून माझ्यावर बोट फिरवलं. बोट ठिगळाला अडलं. खाली सरकलं, भोकांच्या चाळणीवर थांबलं. मग "मी काय शिकवत होतो इतकी वर्षं?" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि मला उचलून तडक केबिनमध्ये गेल्या. "सर, कपाट उघडा."

सरांनी उघडलं. अगदी तळातून पुडकं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. कातडं बाहेर आलं ते घडीला घडी चिकटलेलं, जुन्या फुग्यासारखं. मॅडमनी हलकेच ओढलं तर टर्रकन फाटलं. दुसरी घडी सोडवायला गेल्या, तर तिचे तुकडे टेबलावर पडले.

सर ते तुकडे बघत राहिले. त्यांचं तोंड खरंच उतरलं होतं. "एवढं जपलं होतं की ओ," ते म्हणाले. मग म्हणाले, "बघू. पुढच्या वर्षी नवीन मागवू. तवर केरबाला सांगतो."

केरबानं भोकांच्या चाळणीवर दुसरं ठिगळ लावलं. चांगलं पक्कं बसवलं. नवी तुकडी आली. मॅडम परत पहिल्यासारखं शिकवायला लागल्यात, डोळे मिटा, बोटानं बघा. पण डोळे मिटले तरी बोटाला ठिगळच लागतं. परवा एक मुलगी दुसरीच्या कानात सांगत होती, "दोन ठिगळांच्या मधी. डोळं झाकून टोच." मॅडमनी ते ऐकलं. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि शेवटी विनवतात, आम्हाला जपा. मित्रांनो, माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. मला माळ घालू नका, माझ्या ठिगळांचं कौतुक करू नका, मला फेकून द्या. आणि तुमच्या कपाटात कोरं करकरीत काही ठेवलेलं असेल, तर ते आजच काढा. मला माहीत आहे, तुम्ही ऐकणार नाही. आठ दिवसांवर खंडेनवमी आलीय आणि केरबा झेंडूची फुलं सांगून आलाय.

मोना कबनूरला आईच्या शेजारी कांड्या भरते. आदिती सांगत होती, दंडावर हात ठेवून कुणी नुसती हाक मारली तरी ती दचकते. विठाबाईनं त्या दिवशी सांगितलं होतं, त्या हाताला विचारा. कुणी विचारलं नाही. तरी सांगतो, तिचा हात हलका आहे. हजारो सुया मी सोसल्या, त्यांतली न दुखलेली तेवढी तिची.