भिंगरीची शिक्षा

थोरल्या बहिणीचं लग्न झालं त्याच वर्षी भिंगरीला शाळेत घातलं. तिचे पाय जन्मापासून लुळे. पण बापाचं सायकलदुरुस्तीचं दुकान. त्याने वेताच्या खुर्चीला चाकं जोडली, पाना आणि तेलाची बुधली ठेवायला मागे पिशवी शिवली, आणि पोरगी घरभर गरगर फिरायला लागली. तेव्हापासून ती भिंगरी.

शाळेत एकच दुखणं होतं. बाई तिला रागावतच नसत. गृहपाठ नाही केला, असू दे. शाई सांडली, असू दे बिचारीचं. मुलींनी हे बरोबर हेरलं. काच फुटली की सगळ्यांची बोटं भिंगरीकडे, आणि बाईंचा राग जागच्या जागी विरघळायचा. खोड्या काढायला जाताना मात्र टोळकं तिला झाडाखाली ठेवून जायचं. शेजारी बसणाऱ्या चिमणीने तर तोंडावर सांगितलं, "तू बाईंची लाडकी. आमच्यातली नाहीस."

ते भिंगरीच्या जिव्हारी लागलं. काहीही करून शिक्षा मिळवायचीच, असं तिने ठरवलं.

एका मधल्या सुट्टीत तिने पाना काढला, बाईंच्या टेबलावरच्या पितळी घंटेतला लोळा सोडवला आणि खिशात टाकला. सुट्टी संपवायला बाईंनी घंटा हलवली. पुन्हा हलवली. मैदानावर कुणाला पत्ताच नाही, खेळ ऐन रंगात. शेवटी धापा टाकत एकेकीला हाकून आणावं लागलं.

हे कुणी केलं म्हणून विचारताच भिंगरीने हात वर केला. बाईंचा चेहरा लोण्यासारखा झाला. दुसऱ्याचं पाप अंगावर घेते पोर, म्हणत त्यांनी चिमणीलाच धरलं. चिमणीने या खेपेला खरंच काही केलं नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं.

भिंगरी चाकं ढकलत टेबलापाशी गेली. घंटा मांडीवर उलटी धरली, लोळा बसवला, पान्याने पिळला आणि बाईंच्या कानाशी ठणाठणा वाजवली.

"चल, हो बाहेर," बाई कडाडल्या. "शाळा सुटेपर्यंत उभी राहा."

आपण काय बोललो ते बाईंना उमगलं आणि त्या कानापर्यंत लाल झाल्या.

"उभं राहणं जमायचं नाही, बाई." हातची शिक्षा जाते की काय, अशी भिंगरीला धास्ती. "बसून चालेल?"

बाईंनी ओठ दाबले. "चालेल. पण तोंड भिंतीकडे."

उंबऱ्यावरून खुर्ची उचलायला आलेली चिमणी फिदीफिदी हसली, म्हणून तिलाही भिंत मिळाली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "उद्या खडूंचं काहीतरी करू या?"

संध्याकाळी भिंगरीला न्यायला आलेल्या बापाकडे बाईंनी तक्रार केली. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, आणि वळणापलीकडे गेल्यावर खुर्ची अशी पळवली की भिंगरीने दोन्ही हातांनी कडा धरल्या. मग महिनाभर तो ही तक्रार दुकानात येईल त्याला ऐकवत होता.

थोरल्या बहिणीच्या मुलीला शाळेत घातलं त्या वर्षी, थंडीत, बाई वारल्या. भिंगरीला चारचौघींसारखी शिक्षा पहिल्यांदा केली ती त्यांनीच.