मागच्या सीटवर कोण आहे?

मित्रांनो, मुंबईजवळच्या दिघ्याला गटाराच्या कडेला चाकं बसलेली एक काळी-पिवळी फियाट टॅक्सी उभी आहे, ती मी. मला भंगार म्हणू नका. उमेदीच्या काळात मी मुंबईच्या रस्त्यांवर अशी मिरवायचे की नव्या गाड्यांनी बघत राहावं.

माझे मालक सयाजीआप्पा मूळचे साताऱ्याकडचे. रोज सकाळी ते माझ्या काचा पुसत आणि मगच चावी फिरवत. त्यांचा एक नेम होता. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली कमाई, गिऱ्हाइकाकडूनच व्हायला हवी. त्याआधी घरचं माणूस गाडीत बसलं तर दिवस फुकट जातो, असं ते मानत. त्यांची बायको वेणूबाई दारात उभी राहून म्हणायची, एकदा मला चौपाटी दाखवा. आप्पा म्हणायचे, भवानी झाली की नेतो. मग गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक मिळत जाई आणि घर मागेच राही. दर दसऱ्याला वेणूबाई माझी पूजा करायची, पण आत कधी बसली नाही. शेवटच्या दुखण्यातही तिला शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. आप्पा तेव्हा मला घेऊन शहरात होते. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

पुढे आप्पा थकले, मीही थकले. माझ्यात उंदीर झाले म्हणून शेजारी कुरकुरू लागले आणि मला भंगारात द्यायचं ठरलं.

आप्पांच्या मुलीला, ज्ञानेश्वरीला, एक छंद आहे. जुन्या मुंबईच्या रस्त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर लावायचे आणि त्यातल्या गाड्या ओळखायच्या. ही हिलमन, ती डॉज, ती अँबॅसडर. भंगारवाला यायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या बॉनेटला टेकून असाच एक व्हिडिओ बघत होती. कुणा पर्यटकाने चाळीसेक वर्षांपूर्वी चौपाटीवर काढलेला. त्यात एक फियाट वळली. नंबर माझा, वाकडा बंपर माझा, चालवणारे तरणे आप्पा. तिने चित्र थांबवलं, मोठं केलं आणि आप्पांना हाका मारून बाहेर बोलावलं.

"आप्पा, मागं आई बसलीय."

माझ्या मागच्या सीटवर कोण कोण बसलं ते मी विसरत नाही, मित्रांनो. ती फेरी मी कधी केलीच नव्हती. पण चित्रात वेणूबाई होती, दसऱ्याचं हिरवं लुगडं नेसलेली, काचेला हात लावून बसलेली. समोर एवढा समुद्र होता, पण ती सरळ आमच्याकडे बघत होती. मला भीती वाटली.

आप्पा घरात गेले. मग त्यांनी फडकं आणलं आणि माझ्या काचा पुसल्या. कित्येक वर्षं गंजून बसलेलं माझं मागचं दार त्यांनी ओढलं. ते न कुरकुरता उघडलं.

"ये वेणू, बस," ते म्हणाले. "आज भवानी तुझी."

कुणी आत आलेलं दिसलं नाही. पण माझी मागची सीट हळूच दबली, माणूस बसल्यावर दबते तशी. आप्पांनी दार जपून लावलं.

ज्ञानेश्वरीने तो व्हिडिओ पुन्हा लावला. तीच चौपाटी, तीच मी, तेच आप्पा. मागची सीट रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याला आप्पांनी परत पाठवलं. मित्रांनो, तुमच्या दारातल्या गाडीला जपा आणि कधीतरी पहिली फेरी घरच्या माणसासाठी मारा. 'नंतर नेतो' म्हणू नका. माझं इंजिन तर केव्हाच मेलंय. चाकंही जागची हललेली नाहीत. तरी हल्ली सकाळी आप्पा दार उघडतात, तेव्हा मागच्या पायपुसण्यावर ओली वाळू असते.