वाळूच्या वाफ्यातली रताळी

“हा वाफा खतात टाका, शाओ मावशी. मोजमाप झालंय याचं,” लुओ बाई म्हणाल्या आणि हातमोजे काढू लागल्या.

शाओ पेइजन जागची हलली नाही. तिच्या टोपलीत वाळू झटकलेली रताळी होती. बरीचशी बोटाएवढी, काही जेमतेम मुठीएवढी.

श्यूचौ शहराबाहेरच्या या शेतकी केंद्रात ती मुळं धुवायची, पानं वाळवून दळायची. लुओ बाई तिथल्या शास्त्रज्ञ. मातीतला पालाश, म्हणजे पोटॅशियम, ओढून झाडात पोचवायचं काम काही जनुकं करतात. रताळ्यात त्यांचं मोठं घराणंच आहे, आणि त्यातलं कोण किती राबतं हे शोधण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. हलक्या जमिनीतही पिकणारं वाण त्यांना हवं होतं. हा वाफा नुसता तुलनेसाठी होता. डोंगराकडच्या या गावठी वाणात घराण्यातलं एक मुख्य जनुक मुळातच मोडकं. वाळूत लावल्यावर वेल खुजे राहिले, पानांच्या कडा करपल्या.

“बाई, यांच्यात पालाश किती निघाला?”

“नेहमीच्या निम्म्याहून कमी. का हो?”

“मग किडनीच्या माणसाला चालेल का एखादं?”

बाईंचा हात मोज्यातच राहिला. “कुणाला?”

“माझ्या म्हाताऱ्याला.”

इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, देशुनच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस. शेताला हवाहवासा असलेला तो पालाश त्याच्या रक्तात साचला की हृदयच थांबायची धास्ती. म्हणून दिवसभर रोपांच्या पालाशाची काळजी वाहून पेइजन घरी यायची आणि भाजी दोनदा उकळून पाणी ओतून द्यायची. आणि देशुन तर उभा जन्म रेल्वे स्टेशनसमोर भाजलेली रताळी विकलेला माणूस. आजारपणापासून एक घास नाही. मागच्या हिवाळ्यात शेजारणीने पाठवलेलं रताळं तिने कपाटात दडवलं, तर तो आतून म्हणाला होता, “लपवू नकोस गं. नुसता वास घेतोय.”

“आधी नाही का सांगायचं, मावशी?”

“सांगितलं असतं तर सगळे हळहळले असते. मग माझा हात चालला नसता.”

केंद्राबाहेर प्रयोगातलं पानही न्यायचं नाही, असा नियम होता. पेइजनलाही तो पाठ होता. तिने खतात टाकायला टोपली उचलली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “डोंगरातले लोक हे वाण खातातच. आपण त्यात काही घातलेलं नाही, काढलेलं नाही. मी केंद्राच्या साहेबांना विचारते. पण तुम्ही घरी न्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांशी मी बोलणार. ते नको म्हणाले, तर नको. चालेल?”

“चालेल हो. न चालायला काय झालं.”

साहेबांनी कागदावर सही करून घेतली. डॉक्टरांनी आकडे दोनदा विचारले, देशुनच्या रक्ताचा शेवटचा अहवाल पाहिला आणि सांगितलं, मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात, तेही मूठभरच.

डायलिसिसच्या दिवशी पेइजनने दोन रताळी मंद आचेवर भाजली आणि टॉवेलात गुंडाळून आणली. देशुनच्या डाव्या हाताला नळ्या लागल्या, मशीन घरघरू लागलं, तेव्हा तिने टॉवेल सोडला. वास खोलीभर पसरला. पलीकडच्या खाटेवरचे फांग, जन्मभर ट्रक चालवलेले, मान वर करून बघू लागले.

“हे काय गं?” देशुनचा आवाज बदलला. “मारायचंय का मला?”

“डॉक्टरांना विचारून आणलंय. आमच्या बाईंनी दिलं. या वेलाला पालाश ओढताच येत नाही.”

“म्हणजे माझ्यासारखंच बिघडलेलं.”

“खा गुपचूप.”

त्याने उजव्या हाताने साल सोललं. गर पिवळट, थोडा रेषाळ. पहिला घास त्याने बराच वेळ तोंडातच ठेवला. पेइजन मशीनच्या आकड्यांकडे बघत राहिली.

“गोडी कमी आहे,” तो शेवटी म्हणाला. “आणि भाजणाऱ्याने घाई केलीय.”

“मग पुढच्या वेळी तूच भाज.”

तो हसला. मग दुसरं रताळं त्याने फांगकडे धरलं. फांगनी नर्सकडे पाहिलं. नर्सने डॉक्टरांना फोन लावला, ऐकून घेतलं, आणि अर्ध्यावर बोट ठेवून म्हणाली, “इथपर्यंत.”

“देशुनभाऊ,” फांग तोंड भरलेलं असताना म्हणाले, “तुझ्याकडून स्टेशनवर कितीदा घेतली असतील मी. तेव्हा एवढी चांगली नव्हती.”

“तेव्हा तू भुकेला नव्हतास.”

पेइजनला वाटलं, लुओ बाई आत्ता इथे असायला हव्या होत्या. त्या खुज्या वेलांच्या रिकाम्या वाफ्यापाशी उद्या आपण जाऊन उभं राहायचं, तिने ठरवलं. काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

देशुनने शेवटचा तुकडा संपवला आणि उशीला टेकला. गर त्याच्या बोटांना लागला होता. तिने ओला रुमाल काढून त्याचा हात धरला. त्याने हात हळूच सोडवून घेतला.

“राहू दे,” तो म्हणाला. “इतक्यात पुसू नकोस.”