बंधाऱ्याच्या पोटातले मैदान

मित्रांनो, मी जुना आहे, दगडी आहे आणि बंधारा असूनही पाणी अडवणे हे माझे काम नाही. माझ्या अंगात जागोजागी भोके ठेवलेली आहेत. पाणी त्यांतून खाली जाते. मी अडवतो ते दगडगोटे, वाळू आणि माती.

वरच्या टेकड्यांवर पूर्वी दाट झाडी होती, असे मला बांधणारे गवंडी आपसांत बोलत. झाडी तुटली आणि माती उघडी पडली. मोठ्या पावसात नदी काठ खाई, टेकडीची माती ओढून आणी आणि खाली उतार संपतो तिथल्या घरांत टाकी. म्हणून दोन खडकांच्या मधे मला उभे केले. माझ्या मागे मोठा खड्डा राहिला.

"याचं पोट दर उन्हाळ्यात रिकामं करायचं बरं का," मुकादम म्हणाला. "नाहीतर हा नुसता शोभेचा."

काही वर्षे यंत्र येई, गाळ उपसून नेई. घरांत चिखल शिरेना, तेव्हा लोकांनी माझे कौतुक केले. मग त्याचाही त्यांना कंटाळा आला. चिखल येतच नाही, तर उपसायचे कशाला, असे वाटून त्यांनी यंत्र आणणे सोडले. मी काठोकाठ भरलो. पावसाळ्यात नदी माझ्या माथ्यावरून जाऊ लागली; एरवी गाळ कोरडा राही.

भरलेल्या गाळावर गवत आले. वस्तीत एवढी सपाट जागा दुसरी नव्हती. मुलींनी तिथे फुटबॉल सुरू केला. त्यांची कप्तान खालच्या पहिल्याच घरात राही. तिची आई कपडे शिवून घर चालवी. पोरीचा आवाज असा की सगळे तिला भोंगा म्हणत.

एकदा मुकादम काठी टेकत आला. आता तो म्हातारा झाला होता.

"पोरींनो, कुठे खेळताय कळतंय का?"

"मैदानात!"

"मैदान नाही, बंधाऱ्याचं भरलेलं पोट आहे हे. उकरलं पाहिजे."

"आजोबा, तुम्हाला दुसरं काही उकरायला मिळत नाही का?" भोंगा म्हणाली. सगळ्या खिदळल्या. म्हाताराही हसला आणि निघून गेला.

त्याच वर्षी पावसाने झोडपले. भर दुपारी नदी तांबडी झाली. तिने आणलेल्या दगडमातीला थांबायला जागाच नव्हती. सगळा लोंढा माझ्या डोक्यावरून खाली गेला. मी जागचा हललो नाही, पण त्याचा कोणाला उपयोग झाला नाही. शिलाईवाल्या बाईंच्या घरात चिखल खिडकीपर्यंत चढला. भोंगाने आईला हाताला धरून माळ्यावर ओढले. दोघी वाचल्या. शिलाई मशीन गाळात गेले.

पाणी ओसरल्यावर यंत्र आले. मैदानाच्या कडेला माणसे जमली.

"सगळंच उकरू?" यंत्रवाल्याने विचारले. "का पोरींना थोडं ठेवू?"

बाई म्हणाल्या, "अर्धं राहू द्या हो. पोरीचा जीव आहे त्यात."

"आई, काहीतरीच काय!" भोंगा चिडली. "अर्ध्यात खेळायचं कसं? आणि अर्ध्या खड्ड्यात गाळ मावणार कसा? उकरा, दादा, सगळं उकरा."

यंत्र सुरू झाले, तेव्हा ती बघायला थांबली नाही. गोलाचे खांब खांद्यावर टाकून निघून गेली.

नंतर लोकांनी टेकडीवर गवत आणि झुडपे लावली, घळींत आडवे दगड रचले. पुढच्या मोठ्या पावसात माझे पोट निम्मे भरले. खालच्या घरात बाई दिवसभर कापड बेतत बसल्या होत्या.

मुली आता गल्लीत खेळतात. काचा फुटतात, बोलणी बसतात. मैदान चांगले होते, हे मीही नाकारत नाही.

मित्रांनो, नदीवर एखाद्या भिंतीमागे असा रिकामा खड्डा दिसला, तर जागा फुकट गेली असे तुम्हाला वाटेल. तसे समजू नका. त्यात कचरा टाकू नका. आणि तो भरत आलेला दिसला, तर मोठ्या माणसांना हाताला धरून तिथे आणा आणि उपसायला लावा. पावसाळ्याच्या आधी.