फुंकर घालणारी गुहा

रस्ता फुटतो तिथे ग्वोदोंग काकांनी गाडी थांबवली. ऐन उन्हाळ्यात ग्वांगझोऊहून निघून दोन दिवस झाले होते. निघताना यादीत सात गुहा होत्या. वाटेत गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून पाच खोडल्या; उरलेल्या दोन इथेच वर होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे.

मागच्या सीटवर आजोबा मांडीवर कागदी झगा घेऊन बसले होते. ऐंशी वर्षांपूर्वी, डिसेंबरात, जपानी फौज आली तेव्हा गाव डोंगरातल्या गुहेत लपलं. आजोबा तिथेच जन्मले आणि त्याच आठवड्यात त्यांची तीन वर्षांची ताई तापाने गेली. तिला गुहेच्या तोंडाशी पुरलं. मेलेल्या माणसाला कपडे पोचवायचे तर ते कागदाचे करून जाळायचे, ही आमच्याकडची रीत; झगा तिथे जाळला, तरच तिला पोचणार होता. आजोबांच्या हृदयाकडे बघून डॉक्टरांनी एकच चढ चढायची परवानगी दिली होती.

"डावीकडे," काका म्हणाले. "पायऱ्या आहेत, कठडा आहे. आणि आतून गार वारा येतो. गुहा फुंकर घालायची, असं माझी आजी सांगायचीच की!"

मलाही तेच वाटत होतं. तरी विचारलं, "आजोबा, तुमची आई नेमकं काय म्हणायची?"

"'गुहेने फुंकर घातली नसती, तर तू गारठून मेला असतास.'"

गारठून.

"काका, उजवीकडे."

"तिकडे नुसता कडा आहे!"

"डावीकडची गुहा उन्हाळ्यात गार हवा बाहेर टाकते, म्हणजे हिवाळ्यात ती थंडी आत ओढणार. तिथे बाळ जगलं नसतं. आपल्याला उलटी गुहा हवी. हिवाळ्यात ऊब देणारी, आत्ता हवा ओढणारी."

"वा, शास्त्रज्ञबाई! आणि चुकलीस तर?"

मी यादीतून डावीकडची गुहा खोडली.

"ग्वोदोंग," आजोबा म्हणाले, "शिकायला तूच पाठवलंस ना तिला? मग भोग आता."

अर्ध्या चढावर आजोबांचे ओठ निळसर पडले. काकांनी त्यांना पाठीवर घेतलं.

वर पोचल्यावर त्यांना दगडावर बसवून काका गुहेकडे पाठ करून उभे राहिले. मी उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर गेला.

"झालं समाधान?" काका म्हणाले.

मग लक्षात आलं, मी काकांच्या आडोशाला उभी होते. दोन पावलं बाजूला सरकले. धूर वाकला, आडवा झाला आणि अंधारात शिरला.

काकांनी काडी ओढली. झगा पेटला. त्याचा सगळा धूर गुहेने आत घेतला.

"ताई," आजोबा धापा टाकत म्हणाले, "माप बरोबर आहे का बघ गं."