अर्धविराम आणि ज

माझ्या नवऱ्याला माउसचा राग आहे. "कीबोर्डवरून हात उचलला की वेळ गेलाच म्हणून समज," असं तो सांगतो. हे सांगण्यात जो वेळ जातो तो बहुतेक वेगळ्या खात्यातून जात असावा.

पाण्याचे फिल्टर बनवणाऱ्या एका कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींना तो घरी बसून उत्तरं देतो. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या मध्ये जी चिंचोळी जागा आहे तिथे त्याचं टेबल आहे. दिवसभर तिथून कीबोर्डची टकटक येत असते आणि मधूनच "वा!" असं ऐकू येतं. तक्रार मिटली म्हणून नव्हे, नवीन शॉर्टकट सापडला म्हणून.

आमच्याकडे आलेला माणूस चहा पिऊन नुसता जात नाही, एखादी युक्ती शिकूनच जातो. कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबलं की चुकून बंद केलेलं पान परत उघडतं, हे आमच्या प्लंबरलाही पाठ आहे. त्या बिचाऱ्याकडे कॉम्प्युटर नाही. दूध उतू गेलं की हा आतून ओरडतो, "कंट्रोल झेड!" म्हणजे झालेली चूक रद्द. ओटा मात्र मीच पुसते. आणि सगळ्यात आवडता उपदेश म्हणजे जागेवरून उठताना विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करावी. स्वतः मात्र अंघोळीला जातानाही सगळं सताड उघडं टाकून जातो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी हवी तशी वाकवायची, खालची बारीक ओळ वाचून घ्यायची. समोरचा माणूस खरंच वाचतोय की पाठ असलेलं म्हणून दाखवतोय हे मला दोन अक्षरांत कळतं. घरात मात्र दिव्याखाली अंधार.

रोज दुपारी एकच्या सुमाराला दुकानात माझा फोन वाजायचा. "जेवलीस का? वेळेवर जेवत जा. काळजी घे." दुकानात काचा घासायचं काम करणारी माझी मैत्रीण हेव्यानं म्हणायची, "नशीब काढलंस बाई!" मी वरवर नाक मुरडायची, पण आतून सुखावायची. अंगठ्याचं चित्र पाठवायची आणि डबा उघडायची.

मग एका रविवारी सासूबाई आणि नणंद आल्या. नणंद नवऱ्यापेक्षा मोठी, आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. बोलता बोलता ताई म्हणाल्या, "काही म्हण, हा पूर्वीसारखा राहिला नाही हं. रोज न चुकता विचारतो, जेवलीस का म्हणून."

"मलाही विचारतो," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "वेळेवर जेवत जा, म्हणतो."

"काळजी घे, असंही म्हणतो?" मी विचारलं.

तिघींनी फोन काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शब्दाला शब्द तोच. 'काळजी'च्या आधी चुकून जास्तीची जागा सुटली होती, तीसुद्धा तिन्ही फोनवर तशीच. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला. काही फरक पडला नाही.

"अरे, इकडे ये जरा," ताईंनी हाक मारली.

आता हा खजील होईल, असं मला वाटलं होतं. छे! त्याला आनंदच झाला. शेवटी घरातल्या कुणीतरी विचारलं होतं! त्यानं आम्हा तिघींना कॉम्प्युटरसमोर नेलं आणि प्रात्यक्षिक दाखवलं. "हे बघा. आधी अर्धविराम, मग ज." त्यानं दोन बटणं दाबली आणि स्क्रीनवर आख्खं वाक्य उमटलं. जेवलीस का, वेळेवर जेवत जा, काळजी घे. "रोज तीच वाक्यं लिहावी लागतात ना, त्यांची इथे यादी करून ठेवायची. तक्रारींसाठी तर फारच उपयोग होतो. अर्धविराम आणि द." स्क्रीनवर आलं, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

ते वाक्य मी ओळखलं. मागे एकदा मला दुकानातून आणायला यायचं हा साफ विसरला होता, तेव्हा तेच माझ्या फोनवर आलं होतं. त्यातल्या 'आम्ही'ला मी हसले होते. गंमत करतोय असं समजून माफही करून टाकलं होतं.

"अरे, सख्ख्या आईला बटण दाबून विचारतोस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, वेळ वाचतो गं."

"आणि त्या वाचलेल्या वेळात काय करतोस?" मी विचारलं.

त्यानं खरोखर विचार केला. "नवीन शॉर्टकट बनवतो," तो म्हणाला.

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. जेवणाची चौकशी दोन बटणांनी केली म्हणून कुणी संसार मोडत नाही, हे मलाही कळतं. पण मला राग आला होता आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. दुपारी एक वाजता माझी आठवण या माणसाला येते की अर्धविरामाला, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि हे विचारून कळण्यातलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याचंही तयार उत्तर त्या यादीत निघालं असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हा अंघोळीला गेला तशी मी त्याच्या खुर्चीत बसले. यादी कशी उघडायची हे त्यानंच शिकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! अर्धविराम आणि ज याच्यापुढचं जुनं वाक्य पुसून मी नवीन लिहिलं. "जेवलीस का? आज तुझी फार आठवण येतेय." पाठवताना वाचलं तर त्याला लगेच समजेल. नाही वाचलं तर मला समजेल.

दुपारी एक वाजता फोन वाजला. "जेवलीस का? आज तुझी फार आठवण येतेय."

म्हणजे वाचलं नव्हतं. माझाच सापळा, त्यात माझीच शिकार. आपणच लिहिलेलं वाक्य आपल्याला आलं तर कुणाला बरं वाटावं? तरी थोडंसं वाटलं, त्याचा आणखी राग आला. मी अंगठा पाठवला.

एका गोष्टीचा मात्र मला विसर पडला होता. तेच वाक्य आणखी दोघींनाही गेलं होतं. सासूबाईंचा फोन आला. "अगं, रविवारी मी त्याला उगाच बोलले. बघ किती मनाला लावून घेतलं पोरानं!" त्या ठेवतात तोच ताईंचा. "हा बरा आहे ना? कुठे डोक्यावर वगैरे पडला नाही ना?" मी दोघींनाही काही सांगितलं नाही. एकीचा आनंद आणि दुसरीचा संशय, दोन्ही मोडायचं जिवावर आलं.

त्यानंतर मला चटकच लागली. त्याची अंघोळ आणि माझं लिखाण एकाच वेळी सुरू व्हायचं. एकदा लिहिलं, "कालची भाजी फक्कड झाली होती, सांगायचं राहून गेलं." दुपारी तेच हजर. मग हिंमत वाढली. "पडद्यांचा रंग तूच बरोबर निवडलास, माझं चुकलं." पडद्यांवरून आमचं आठवडाभर वाजलं होतं, त्यामुळे ही कबुली मी मैत्रिणीलाही वाचून दाखवली. त्यात एक काना भलतीकडे पडला होता. घाईत माझ्याच हातून चुकला असेल, म्हणून सोडून दिलं. कबुली मिळाल्याशी मतलब.

पण दिवसेंदिवस मजा कमी होत गेली. हा माणूस काय पाठवतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. उद्या मी तिथे किराणा लिहिला असता तर तोही प्रेमानं आला असता. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि एक गोष्ट जुळत नव्हती. ताईंना भाजीबद्दल किंवा पडद्यांबद्दल काहीच गेलेलं नव्हतं. "मला काल गुडघा कसा आहे विचारत होता," त्या फोनवर म्हणाल्या. "आईला म्हणे शेजारणीशी झालेलं भांडण मिटलं का ते विचारलं." मी मनात म्हटलं, घ्या! आता प्रत्येकीला वेगळं बटण. सुधारणा झाली ती यंत्रात.

मग मला ताप आला. तरी सकाळी हा अंघोळीला गेला तेव्हा मी सवयीनं लिहून ठेवलं होतं, "तू घरात नसलीस की घर फार मोठं वाटतं." मग दुकानात न जाता मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडले. दार अर्धवट उघडं होतं. स्क्रीन दिसत नव्हती, पण कीबोर्ड स्पष्ट ऐकू येत होता. टकटक, आणि एंटरचा ठोका. टकटक, ठोका. लोकांची गैरसोय होत होती आणि आम्ही मनापासून दिलगीर होत होतो. ऐकता ऐकता माझा डोळा लागला.

जाग आली ती आवाज बदलल्यामुळे. टक. मग बराच वेळ काही नाही. टक, टक. पुन्हा शांतता. मग एकच बटण भराभर, लिहिलेलं खोडावं तसं. पुन्हा टक. एखादी बिकट तक्रार असणार, फिल्टर फुटलाबिटला असेल, असं मला वाटलं. शाळेतलं पोर पाटीवर गिरवतं तसं ते चाललं होतं. शेवटी एंटरचा ठोका पडला आणि माझ्या उशीखाली फोन थरथरला.

"तू घरात नसलीस की घर फार मोठं वाटतं. आज आहेस तर बरोबर मापाचं वाटतंय. पण त्यासाठी ताप नको होता. पाणी पी."

पहिलं वाक्य माझं होतं. पण तेही त्यानं एकेक अक्षर दाबून लिहिलं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. अर्धविराम आणि ज यांना एवढा वेळ लागत नाही.

"अरे!" मी हाक मारली. घसा बसला होता, तरी ऐकू गेलं.

तो पाण्याचा ग्लास घेऊनच दारात आला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. ताईनं फोन करून विचारलं, डोक्यावर पडलास का म्हणून. मग काय पाठवलंय ते वाचलं. घाम फुटला मला."

"मग यादीतून काढून का नाही टाकलंस ते?"

तो पलंगाच्या कडेला टेकला. ग्लास माझ्या हातात दिला. "काढलं असतं तर तुला काय ऐकायचंय ते मला कुठून कळलं असतं?" तो म्हणाला. "मला सुचत नाही गं असलं काही. रोज अंघोळीहून आलो की आधी तिथे बघायचो, आज काय लिहिलंयस ते. जे खरंच वाटायचं ते दुपारी बसून लिहायचो."

"आणि न वाटलेलं?"

"एक आलं होतं, तुझ्या हातची इस्त्री माझ्यापेक्षा चांगली म्हणून. ते नाही पाठवलं. त्या दिवशी नेट बंद होतं म्हणून सांगितलं."

मला त्याला मारायचं होतं आणि रडायचंही होतं. हातात ग्लास असल्यामुळे दोन्ही राहिलं. मी पाणी प्यायले.

तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "एक सांगू? मी एवढं डोकं खाजवून लिहितो, आणि तुझा रोज तोच अंगठा. ते तर एकाच बटणाचं काम आहे."

आणि गेला आपल्या टेबलाशी. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणणार होते, पण त्याच्या यादीत चोरून लिहिणारी तर मीच होते.

फोन हातात होता. बोट सवयीनं अंगठ्याच्या चित्राकडे निघालंही होतं. ते मी मागे घेतलं. मग लिहायला घेतलं. तापात डोळ्यांना पाणी येत होतं, अक्षरं धूसर दिसत होती, दोनदा सगळं पुसलं. आयुष्यभर लोकांना खालची ओळ वाचायला लावणारी मी, आणि स्वतःची एक ओळ लिहिता लिहिता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी एवढंच जमलं. "एकटीला पडून कंटाळा आलाय. तक्रारी राहू देत. माझ्याजवळ येऊन बस."

बाहेर त्याचा फोन वाजला. टकटक थांबली.

मग दोन बटणांचा एकदम आवाज आला, विंडोज आणि एल. त्यानं स्क्रीन लॉक केली आणि खुर्ची मागे सरकवली.