पुढच्या दाराची पाहुणी

शिवता शिवता पिनामांगच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आली तेव्हा मशीनची सुई तिच्या नखातून आरपार गेलेली होती. दवाखान्यात रक्तदाब निघाला एकशे नव्वद. डॉक्टरने गोळ्या दिल्या, मीठ तोडलं आणि बजावलं, "डोक्यावरचं ओझं उतरवा. नाहीतर पुढच्या वेळी अर्धं अंग जाईल."

ओझं म्हणजे माम्पोंग गावचं माहेर. बारसं असो की मयत, वीस वर्षं फोन कुमासी शहरात राहणाऱ्या पिनामांगलाच. मांस आण, पातेली आण, तीनशे माणसांचं सूप रांध. "पिनामांग आहे ना," असं म्हणून सगळे खुशाल झोपायचे आणि झोप उडायची तिची. आता शनिवारी मावशीचं वर्षाचं कार्य होतं. फोन आलाच.

तिला त्या अख्ख्या घराचा राग आला, आणि स्वतःचाही. दर वेळी ती मागच्या दाराने आत जायची. मागचं दार उघडतं थेट चुलीपाशी, आणि तिथे पाय टाकला की हातात पळी आलीच.

शनिवारी सकाळी ती पुढच्या दाराने गेली. काळं कापड नेसून, रिकाम्या हातांनी. मंडपात बसलेल्या वडीलधाऱ्यांशी उजवीकडून ओळीने हात मिळवले आणि पाहुण्यांच्या बाकावर जाऊन बसली.

धाकटी बहीण अचिया हात पुसत बाहेर आली. "अगं ताई, तिथे काय बसलीस? सगळे कसाव्याचे कंद सोलायचे पडलेत."

पिनामांग हलली नाही. घराण्याचे प्रमुख डोन्कोरमामा तिच्याकडे बघतच राहिले. पण पाहुण्यांच्या बाकावर बसलेल्याला पाणी द्यावं लागतं, मग येण्याचं कारण विचारावं लागतं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये तोंड घालायचं नसतं. हे त्या घरात कोणाच्या बापाला चुकलेलं नाही.

पाणी आलं. पिनामांग ते सावकाश प्याली.

"आमच्याकडे सगळं क्षेम आहे," मामा नाइलाजाने म्हणाले. "तुझं कसं येणं झालं?"

"मामा, माझा रक्तदाब एकशे नव्वद आहे." तिने पट्टी बांधलेलं बोट वर केलं. "तुमचा फोन वाजला की छातीत धडधडतं. आलेला असो की नसो, रात्री मला तो वाजलेला ऐकू येतो. मी मेले तर तुम्ही याच अंगणात मोठा मंडप घालाल, चार गावं बोलवाल. त्या दिवशी सूप कोण रांधणार, ते आजच ठरवा."

"म्हणजे आम्ही तुला मारतोय होय?" अचिया उसळली.

मामांनी हात वर केला. "गप. तिचं सांगून व्हायचंय."

"झालंच," पिनामांग म्हणाली. "यापुढे मी या घरी पुढच्या दाराने येईन. मागच्या नाही."

मामांनी घसा खाकरला. "पोरी, तीनशे माणसं येणार आहेत जेवायला."

"हो. त्यातली एक मी."

पाहुणा निघताना वाट, म्हणजे निरोप, मागतो आणि यजमान त्याला अर्धीच देतो, उरलेली घ्यायला त्याने पुन्हा यावं म्हणून. मामांनी तीच पळवाट धरली. "थकली असशील. अर्धी वाट दिली तुला. जा, घरी पड जरा."

"मी वाट मागितलीच नाही, मामा. जेवून जाईन. माझ्या सुपात मीठ कमी घाला."

मागे चुलीपाशी गोंधळ उडाला. मग चक्क मामांचे दोन थोराड मुलगे मुसळं घेऊन कसावा कांडायला लागले. ठोके एकात एक अडकत होते. पिनामांगचे पाय दोनदा शिवशिवले, उठून कसं कांडतात ते दाखवावं म्हणून. तिने बाकाची कड घट्ट धरली.

दुपारी ताट आलं. कसाव्याच्या फुफूच्या गोळ्यात गुठळ्याच गुठळ्या, सूप पातळ. तिने सगळं खाल्लं. मग हात पुढे करून बसून राहिली, कारण पाहुण्याचे हात यजमान धुतो.

अचिया पाण्याचं भांडं घेऊन आली. तोंड फुगलेलं होतं, पण पट्टीवर पाणी जाऊ नये म्हणून तिने ते बोट आपल्या हाताने वर धरलं.